मशीन पॉलिश: आधी नख फिरवून बघा

सोसायटीत पहाटे एकाच बादलीतल्या फडक्याने सगळ्या गाड्या पुसल्या जातात, त्यात बांधकामांची धूळ. मुंबईत उन्हात बॉनेटवर जे बारीक ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसतं, ते बहुतेक याचंच. मशीनने ते जातं. ओरखड्यात नख अडकत असेल तर मात्र तो फार तर फिका होईल. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, दिसत असेल तर सरळ पेंटवाला गाठा.

गाडी शाम्पूने धुवून क्ले बार (रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारी मातीसारखी वडी) फिरवा. ही पायरी गाळली की पॅडखाली अडकलेला कण नवे ओरखडे पाडतो. रबर आणि प्लॅस्टिकवर मास्किंग टेप लावा. पत्रा हाताला गार लागला पाहिजे, नाहीतर पॉलिश लगेच सुकतं.

नवशिक्याने ड्युअल अ‍ॅक्शन मशीनच घ्यावं, त्याचं पॅड गोल फिरताना डोलतंही. रोटरीने, म्हणजे नुसत्या गोल फिरणाऱ्या मशीनने, रंग जाळायला फार वेळ लागत नाही. मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिशने सुरुवात करा, नाही भागलं तरच कटिंग कंपाउंड, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिश. पॅडवर वाटाण्याएवढे 3-4 थेंब. एका वेळी दीड फूट बाय दीड फूट, मशीनच्या 1 नंबर स्पीडवर पसरवा, मग 4-5 वर उभे-आडवे मिळून 4-6 हात. घाई नको, सेकंदाला इंचभर. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 40-50 मायक्रॉन, आणि दरवाजाच्या कडांवर त्याहून पातळ, म्हणून तिथे मशीन टेकवून ठेवू नका. प्रत्येक भागानंतर पॅड ब्रशने झाडा.

शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोल-पाण्याने पुसून टॉर्च मारा. कारण पॉलिशमधलं तेल ओरखडे झाकतं, ते पुसलं की खरं काय ते दिसतं. नाहीतर दोन-चार धुण्यांत झाकलेले ओरखडे पुन्हा वर येतात.