मासातेकांची अळंबी आणि रोग्याचा प्रश्न

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात मासातेक लोक राहतात आणि वाउत्ला दे हिमेनेस हे त्यांचे मुख्य गाव आहे. आजाऱ्यांवरच्या उपचारात खाल्ल्या जाणाऱ्या, भास घडवणाऱ्या अळंबीमुळे त्यांचे नाव जगभर झाले. मला मात्र तिच्याभोवती त्यांनी बांधलेल्या शिस्तीचे अधिक नवल वाटते.

उपचार रात्री होतो. घरातल्या देवासमोर मेणबत्त्या लावून कोपाल नावाच्या राळेचा धूप घालतात, ताजी अळंबी त्या धुरावर धरतात आणि मग जोडीजोडीने मोजून देतात. उपचार करणारी व्यक्ती स्वतः अळंबी खाते, आणि पुष्कळदा सर्वांत मोठा वाटा तिचाच असतो, कारण आजाराचे मूळ शोधण्याची जबाबदारी तिच्यावर असते. मेणबत्त्या विझल्यावर अंधारात पहाटेपर्यंत मासातेक भाषेत गाणे चालते. त्यात कॅथलिक संतांची नावे येतात आणि डोंगरांच्या धन्यांचीही आळवणी होते. विधीच्या आधी आणि नंतर काही दिवस ब्रह्मचर्य पाळावे लागते.

अळंबी पावसाळ्यातच उगवते, त्यामुळे एरवी एका वनस्पतीच्या पानांचा आधार घेतला जातो. मेंढपाळ रूपातल्या मेरीच्या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती तुळशीच्याच कुळातली असून तिचा दांडा चौकोनी असतो. तिला बी क्वचितच धरते, म्हणून लोक ओलसर, सावलीच्या घळीत तिच्या फांद्या लावून ती वाढवतात. ताजी पाने जोड्यांनी गुंडाळून सावकाश चघळतात किंवा पाण्यात चुरून ते पाणी पितात, आणि नंतर अंधारात शांत पडून राहतात. तिच्यातले मुख्य द्रव्य मेंदूतल्या कोणत्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) काम करते हे २००२ मध्ये उलगडले. तोवर वाळलेली पाने ओढून काही मिनिटांची धुंदी अनुभवण्याची टूम शहरांत निघालेली होती. विधीतल्या पानांचा त्या प्रकाराशी संबंध नावापुरताच.

मी साताऱ्याचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या गावात वाढलेल्या माणसाला अंगात येणे, अंगारे आणि उतारे यांविषयी संशय शिकवावा लागत नाही. जावळीकडच्या आमच्या मूळ गावी देवऋषी सुपात ज्वारीचे दाणे टाकायचा, दोन-दोन करून बाजूला सारायचा आणि शेवटी एक उरला की दोन, यावरून कोणाची बाधा आहे ते सांगायचा. मासातेक उपचारकही मक्याचे दाणे टाकून आजाराचा कौल घेतात, हे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा ते सूपच आठवले. दाण्यांतून रोग कळत नाही, हे माझे मत दोन्हीकडे सारखेच आहे, आणि कावीळ झालेल्या माणसाला आधी दवाखान्यात न्यावे, यातही मला तडजोड मान्य नाही. तरीही रोग्याच्या घरी रात्रभर जागून, तेच औषध स्वतः घेणाऱ्या बाईला मी भोंदूंच्या रांगेत बसवू शकत नाही.

अशीच एक बाई म्हणजे मारिया सबिना. अमेरिकी बँकर गॉर्डन वॉसन २९ जून १९५५ च्या रात्री तिच्या विधीला बसला. त्याच्या वाट्याला अळंबीच्या सहा जोड्या आल्या. १३ मे १९५७ च्या ‘लाइफ’ साप्ताहिकात त्याचा लेख आला, आणि पुढल्या दहा-बारा वर्षांत केस वाढवलेल्या पाहुण्यांची वाउत्लाला रीघ लागली. पोलिसांचा ससेमिरा तिच्यामागे लागला, गावाचा रोष ओढवला आणि तिचे घर जाळण्यात आले. वॉसनच्या आधी केवळ देव शोधण्यासाठी अळंबी कोणी घेत नसे, ती आजारी माणूस बरा व्हावा म्हणूनच घेतली जात असे, असे तिने म्हातारपणी सांगितले. परके आल्यापासून अळंबीचे बळ गेले, हीही तिची तक्रार होती. माझ्या दृष्टीने सगळा घोटाळा इथेच झाला. रोग्याचा प्रश्न बाजूला पडला आणि अनुभव घेणारा गिऱ्हाईक मधोमध येऊन बसला. आज ‘बरे करणाऱ्या मशरूम’च्या सहलींची जाहिरात पुण्या-मुंबईच्या पोरांच्या फोनवर येते, त्यातही आजारी माणूस कुठे दिसत नाही.

म्हणून मला १९६२ सालची हकीकत फार आवडते. अळंबीतला सायलोसायबिन हा घटक स्विस रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉफमनने १९५८ मध्ये वेगळा केला होता. त्याच्या गोळ्या घेऊन तो वाउत्लाला गेला आणि त्या त्याने मारिया सबिनाला दिल्या. गोळ्यांचा अंमल चढायला वेळ लागला, तेव्हा सुरुवातीला सगळेच नाराज झाले. विधी संपल्यावर मात्र गोळ्यांत अळंबीचेच बळ आहे, असा तिने निर्वाळा दिला. पवित्र अळंबीची जागा कारखान्यातल्या गोळीने घेतली म्हणून ती चिडेल, असे मला वाचताना वाटले होते. तिने उरलेल्या गोळ्या ठेवून घेतल्या. अळंबी मिळत नाही त्या दिवसांतही आता रोगी पाहता येतील, याचा तिला आनंद झाला होता.