दिसलेच नाहीत म्हणे

"वाकडे? कुठले? मला तर कधी दिसलेच नाहीत," असं म्हणून वर्षा परत कुकरकडे वळली. तिच्यापुरता विषय संपला.

माझ्या डोक्यात मात्र रविवारपासून तेच घोळतंय. इतकी वर्षं एका टेबलावर समोरासमोर बसून जेवतोय. वरचा डावा सुळा रांग सोडून पुढे येऊन उभा आहे, त्याच्या शेजारचा दात त्याच्या मागे दडलाय, आणि बाईसाहेबांना ते दिसलेलं नाही. प्रेमात असं होत असेल. दुर्लक्षातही असंच होतं. नक्की कुठलं, ते विचारायचं धाडस झालं नाही.

राग तिचा नाहीच खरं तर. तिला दिसले नाहीत, तर मग मी इतकी वर्षं लपवत होतो ते कुणापासून?

शाळेत मला जे नाव पडलं होतं ते इथेही लिहिणार नाही. दादाला ते माहीत होतं. त्याने कधी वापरलं नाही, पण कुणाला थांबवलंही नाही. असो. मिशी कॉलेजात ठेवली, लोकांना वाटलं हौस. फोटो काढताना ओठ मिटायची सवय तेव्हापासूनची. लग्नाच्या अल्बममध्ये मी एकाही फोटोत हसत नाही. मामांनी फोटोग्राफरला बाजूला घेऊन विचारलं होतं म्हणे, नवरदेवाला कुणी काही बोललं का? तिला बघायला गेलो तेव्हाही पोह्यांच्या बशीत बघत बसलो होतो. त्यावरून तिच्याकडच्यांनी ठरवलं की मुलगा गंभीर आहे, शांत आहे, बँकेत शोभतो. तिला तेच आवडलं होतं, हे तिनेच मागे एकदा सांगितलंय.

आता मी खरंच गंभीर होतो की नुसतं तोंड मिटून बसलो होतो, हे माझं मलाच सांगता येत नाही. सवय होऊन होऊन स्वभावही तसाच झाला असेल. दात सरळ असते तर मी कुठला माणूस झालो असतो? गप्पा मारणारा? सेंड-ऑफला माइक हातात घेणारा? काल रात्री बारा वाजता हा विचार फार मोठा वाटला. सकाळी दात घासताना जरा लहान झाला, पण गेला नाही.

दवाखान्यात गेलो तो हिरड्यांचं कारण सांगून. सगळ्यांना तेच सांगितलंय, मॅनेजरसाहेबांनाही. खोटं नाही ते. दाटीत ब्रश पोचत नाही, दोरा अडकतो, चूळ भरली की लाल दिसतं. डॉक्टर म्हणाल्या, वय वाढतं तसे खालचे पुढचे दात आणखी दाटी करतात, तुमचे करतायत, आणि सरळ दात साफ ठेवायला सोपे. ते वाक्य मी लगेच उचललं. चिनूच्या दातांना तारा लावल्या तेव्हा कुणाला काही कारण सांगावं लागलं नव्हतं. मुलीचे दात पुढे होते, तारा लावल्या, गेल्या दिवाळीत निघाल्या, आता पोरगी खदाखदा हसते. पंचेचाळिशीतल्या माणसाला मात्र हिरड्या लागतात.

चिनूच्या वेळी तोंडात कसलासा थंड लगदा भरून माप घेतलं होतं, तिला उमासे येत होते. माझ्या वेळी एक जाडसर कांडीसारखा कॅमेरा दातांवरून फिरवला आणि पडद्यावर माझं तोंड आलं. नुसते दात आणि हिरड्या, बाकी मी कुठेच नाही. मग डॉक्टरांनी खालची पट्टी माउसने ओढली तसा सुळा मागे सरकला, दडलेला दात पुढे आला, खालचे चार एकमेकांना जागा देत उभे राहिले. शेवटी एक नीट ओळ. छान होती. ती कुणाचीही असू शकली असती.

"तारा की अलाइनर? दिसणारं हवं की…"

"न दिसणारं." त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझं उत्तर तयार.

तिथेच काहीतरी खटकलं. तेव्हा कळलं नाही. वर्षाच्या वाक्यानंतर कळलं.

अलाइनरचा हिशोब असा: एकामागून एक पारदर्शक साच्यांचे संच. प्रत्येक संच दाताला साधारण पाव मिलीमीटर हलवतो, आठ-पंधरा दिवसांनी पुढचा चढवायचा. दिवसाचे २० ते २२ तास तोंडात. काढायचे ते फक्त खायला आणि पाण्याशिवाय काहीही प्यायला, आणि परत घालण्याआधी ब्रश. पूर्ण अदृश्यही नसतात ते. सुळा गोल असतो, त्याच्यावर प्लास्टिकची पकड बसत नाही, म्हणून काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. जागा कमी पडली तर दोन दातांमध्ये बारीक पट्टी घासून मिलीमीटरचा काही दशांश भाग मोकळा करायचा. आणि पैसे तारांच्या अडीचपट.

रात्री मोबाइलवर वाचत बसलो. इन्व्हिझलाइन नावाचे अलाइनर बनवणारी कंपनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, ती कल्पना ज्याला सुचली त्याने स्वतः मोठेपणी तारा लावून घेतल्या होत्या. म्हणजे माझ्यासारखाच कुणी. त्याला वैताग आला तर त्याने कंपनी काढली. मी मिशी ठेवली.

दुसरा पर्याय चिनी मातीचे, दाताच्याच रंगाचे ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेले, तार अडकवायचे बारीक तुकडे. ते डॉक्टरांनीच बाद केले. ब्रॅकेट तसेच राहतात, पण तार धरून ठेवणारी पारदर्शक रबरं हळदीने पिवळी पडतात. आणि आम्ही राहतो सांगलीत! ज्या गावच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावात पिवळं दिसायला नको म्हणून आमटी बेताने खायची? वर्षा म्हणाली, मी हळद कमी करणार नाही. विषय संपला. तिचे विषय फार लवकर संपतात.

मग धातूच्या तारा. चकचकीत. तोंड उघडलं की आधी त्याच दिसणार.

यात मला नक्की कशाची भीती वाटते, ते दोन दिवस शोधतोय. लोक काय म्हणतील, हे वरवरचं उत्तर. काउंटरवर येणारा माणूस माझ्या तोंडाकडे बघत नाही, तो माझ्या मागच्या प्रिंटरकडे बघतो, पासबुक आत गेलं का म्हणून. भीती अशी आहे की तारा दिसल्या तर कळेल, याला बरं दिसायचंय. या वयात. म्हणजे इतकी वर्षं याला ते सलत होतं. वाकडे दात दिसले तर त्यात माझा काही हात नाही. तारा मात्र मी मागून घेतलेल्या असणार.

आणि न दिसणारं घेतलं तर? वाकडे होते तेव्हा कुणाला दिसले नाहीत, सरळ होताना कुणाला दिसणार नाहीत, झाल्यावरही कुणी म्हणणार नाही, अरे, काय केलंस? अडीचपट पैसे देऊन मी कुणालाच काही कळू देणार नाही. हे लिहिताना हसू आलं. तोंड मिटूनच, पण आलं.

आप्पा असते तर म्हणाले असते, दात चावायला असतात. त्यांच्या शेवटच्या वर्षांत कवळी होती, पाण्याच्या वाटीत ठेवायचे. त्याआधीचे त्यांचे दात कसे होते, मला आठवतच नाही. म्हणजे मलाही दिसले नव्हते. वर्षाला काय बोलणार.

सगळ्यात जास्त दिलासा डॉक्टरांच्या एका साध्या वाक्याने दिला. मी विचारलं होतं, या वयात हाड घट्ट झालेलं असेल ना, दात सरकतील कसे? त्या म्हणाल्या, दाब पडतो त्या बाजूचं हाड शरीर स्वतःच विरघळवतं, मागे ताण बसतो तिथे नवं हाड भरतं. हिरड्या आणि हाड निरोगी असलं की वयाची आडकाठी नाही, वेळ थोडा जास्त लागेल. माझा जबडा अजून असलं काही करू शकतो, याचं मला उगाचच कौतुक वाटलं. पाठ वाकल्यावर कुरकुरते, गुडघे बोलतात, पण हाड म्हणे तयार आहे.

शेवटी निकाल भडंगाने लावला. ऑफिसात चार वाजता चहा येतो आणि भडंगाचा डबा उघडतो. मग साडेपाचचा चहा. कुणाचं प्रमोशन असलं की मध्येच पेढे. २२ तास वजा करून उरलेल्या दोन तासांत सकाळचा चहा, नाश्ता, डबा, हे सगळे चहा आणि रात्रीचं जेवण बसवून, प्रत्येक वेळी बेसिनपाशी उभं राहून ब्रश करणारा माणूस मी नाही. चिनूने तर आधीच सांगितलंय, "बाबा, तुम्ही ते टिश्यूत गुंडाळणार आणि ताटाबरोबर कचऱ्यात टाकणार." तारा निघाल्यावर दात जागेवर धरायला दिलेल्या स्वतःच्या रिटेनरचं तेच केलं होतं तिने. तारा निदान कुठे विसरता येत नाहीत.

तारांतही दाणे चालणार नाहीत, हे तिने नंतर सांगितलं. बापाला खिंडीत गाठून. शिवाय टोचेल तिथे लावायला मेण जवळ ठेवा, तार घट्ट केली की दोन दिवस वरणभात खा, आणि दर महिन्याला रबरांचा रंग बदलता येतो. तिने गणपतीत केशरी घेतला होता. मला राखाडी सुचवलाय, मिशीला मॅचिंग म्हणून.

म्हणजे तारा. आज डॉक्टरांना फोन करून सांगितलं. त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही, आधी हिरड्यांची खोल सफाई, मग महिनाभर थांबून ब्रॅकेट, एवढंच म्हणाल्या. आणि तारा निघाल्यावर रिटेनर रोज रात्री, कायमचा. दात जुन्या जागी परत जायला बघतात म्हणे, म्हातारपणीसुद्धा.

वर्षाला सांगितलं तर तिने प्रथमच नीट निरखून बघितलं. "आ करा," म्हणाली. मी केला. ट्यूबलाइटखाली, स्वयंपाकघरात, चिनूसमोर. बराच वेळ बघून म्हणाली, "हा होय! हा मला माहीत होता. मला वाटलं तुम्ही दुसऱ्या कुठल्या दाताबद्दल बोलताय."