आईची अंघोळ

आईला डिमेन्शिया आहे हे कळून चार वर्षं झाली. तेच तेच प्रश्न, हरवलेला चष्मा, रात्रीचं उठणं, हळूहळू सगळं अंगवळणी पडलं. घोडं अडलं ते अंघोळीपाशी. "झाली की माझी पहाटेच," असं ती ठणकावून सांगायची आणि साडीला लघवीचा वास येत असायचा. मी वाद घालायचो. सकाळ वाया जायची, अंघोळ राहायचीच.

बायकोची ड्युटी सकाळची. ब्युरोतून आलेल्या बाई तिसऱ्या दिवशी गेल्या. आईनं त्यांना चावा घेतला होता, त्यांना तरी काय बोलणार? उरलो मी. पहिल्या दिवशी साडीला हात लावला आणि फाडकन थोबाडीत बसली. "मेल्या, लाज नाही वाटत?" तिच्या लेखी कुणी परका पुरुष न्हाणीघरात घुसला होता. मग तिचं काय चुकलं?

आई वाईची. लहानपणी घाटावर बायका छातीशी परकर बांधून अंघोळ करायच्या, हे तिनंच कधीतरी सांगितलेलं. एके दिवशी तिच्या डोक्यावरून परकर घातला आणि म्हटलं, "आतून साडी सोड, मी पाठ फिरवतो." नाडी तिनं स्वतः आवळली. तेव्हापासून परकरावरच अंघोळ. नंतर खांद्यावरून कोरडा गाऊन चढवायचा आणि ओला परकर खालून सोडायचा.

घसरू नये म्हणून मी काळी रबरी मॅट आणली होती. आई दारातच थिजायची. "विहीर आहे तिथं." आधी हसलो, मग तिच्या जागी उभा राहून पाहिलं. पांढऱ्या फरशीवर तो काळा चौकोन खरंच खड्ड्यासारखा दिसत होता. फिकट रंगाची मॅट आणल्यावर ती मुकाट आत आली. शॉवर बंदच केला. स्टुलावर बसवतो, कोपर बुडवून पाणी बघतो, आधी पायांवर ओततो. तांब्या तिच्या हातात. साबण लावलेलं फडकंही तिच्याच हातात देतो, "आता खाली" म्हणतो आणि तोंड फिरवतो. नाही जमलं तर मी करतो, पण पुढून मागे, उलटं नाही. टिपताना स्तनांखाली, जांघेत, पायाच्या बोटांमध्ये ओल ठेवत नाही. एकदा राहिली, तर चट्टे उठले होते.

मध्यंतरी दोन दिवसांत ती एकदम बिथरली, भिंतीशी बोलू लागली. मला वाटलं, आजार वाढला. डॉक्टरांनी आधी लघवी तपासायला सांगितली. इन्फेक्शन निघालं. औषधाचा कोर्स झाल्यावर ती पुन्हा पहिल्यासारखी, म्हणजे आमच्या नेहमीच्या गोंधळाइतकी.

आता आठवड्यातून तीनदाच अंघोळ, बाकीचे दिवस कोमट पाण्यानं अंग पुसतो. मावशी फोनवर म्हणाली, "आईला पारोशी ठेवतोस?" ठेवतो. आई ओरडत नाही, मी ओरडत नाही, हे मला पुरतं.

केस धुणं मात्र अजून जमत नाही. कपाळावर घडी केलेला टॉवेल धरला तरी कानाशी पाणी आलं की ती घाबरते. कापून टाकले तर सोपं जाईल, पण बाबा गेल्यापासून केसांना कात्री म्हटलं की ती वेणी दोन्ही हातांनी घट्ट धरते. सध्या ओल्या फडक्यावरच चाललंय.