सीपीयू ७ टक्के, सर्व्हर मेलेला

सीपीयू ७ टक्क्यांवर, मेमरी निवांत, आणि तरी ॲप्लिकेशन गतप्राण. हेल्थ चेकला, म्हणजे 'जिवंत आहेस का' या ठरावीक विचारणेला, २ सेकंदांत उत्तर हवं असतं. सलग तीनदा ते मिळालं नाही की कंटेनर (ॲप्लिकेशनची बंदिस्त चालती प्रत) मारून पुन्हा उठवला जातो. दर काही मिनिटांनी तेच चाललं होतं, आणि एक उठेपर्यंत त्याचा भार उरलेल्या तिघांवर. "सर्व्हर वाढवा" हा सल्ला अर्थातच लगेच आला. सीपीयू रिकामा दिसत असतानाही तो देणारे प्रत्येक टीममध्ये एक-दोन असतातच.

मांडणी साधी होती: पायथनची वेब चौकट फास्टएपीआय, ४ कंटेनर, प्रत्येकात एक प्रोसेस, प्रत्येक प्रोसेसमध्ये कामं आळीपाळीने चालवणारा एक इव्हेंट लूप, मागे पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि दर प्रोसेसला त्याच्या १० तयार कनेक्शनचा साठा, म्हणजे पूल. लूप एका वेळी एकच काम करतो आणि कोडमध्ये 'अवेट' (इथे वाट बघायची आहे अशी खूण) आला की मगच दुसऱ्याकडे वळतो. मधे कुणी त्याला धरून ठेवलं तर हेल्थ चेकचं दोन ओळींचं उत्तरसुद्धा ताटकळतं.

पाय-स्पाय या साधनाने चालू प्रोसेसचा स्टॅक (कोण कुणाला बोलावून कुठे अडकलंय याची यादी) काढला, काही सेकंदांच्या अंतराने तीनदा. चारही प्रोसेसचे मुख्य थ्रेड (कोड चालवणारा धागा) दर वेळी एकाच जागी: एसएसएल सॉकेट वाचताना, म्हणजे नेटवर्कवरून उत्तराची वाट बघत. त्याच्या वर वेब विनंत्या पाठवणारी, उत्तर येईपर्यंत अडून बसणारी 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी, तिच्या वर पेमेंटची स्थिती बाहेरच्या सेवेला विचारणारं हेल्पर फंक्शन, आणि त्याला बोलावणारं, लूपवर चालणारं 'ॲसिंक डेफ' फंक्शन. फंक्शनच्या आधी 'ॲसिंक' लिहिलं की आतलं सगळं आपोआप ॲसिंक होतं, ही समजूत रिव्ह्यूमधूनही सहीसलामत निसटते. गंमत म्हणजे तिथे नुसतं 'डेफ' असतं तर फास्टएपीआयने ते ४० थ्रेडच्या पूलमध्ये चालवलं असतं आणि लूप मोकळा राहिला असता.

मग इतके महिने कसं चाललं? बाहेरची सेवा एरवी ८० मिलिसेकंदांत उत्तर द्यायची. चार प्रोसेस मिळून सेकंदाला ५० विनंत्या निघायच्या, येत होत्या १५. त्या दिवशी उत्तराला ३ सेकंद लागू लागले आणि क्षमता सेकंदाला १.३ विनंत्यांवर आली. असिंकआयओचा (पायथनमधला लूप पुरवणारी लायब्ररी) डिबग मोड टेस्टमध्ये चालू होता, पण तो १०० मिलिसेकंदांहून जास्त अडवणाऱ्या कामांचीच तक्रार करतो. ८० त्याच्या खालून गेले.

पहिला उपाय घाईचा: तो कॉल 'टू-थ्रेड'मध्ये, म्हणजे लूपबाहेरच्या वेगळ्या थ्रेडवर, ढकलला. हेल्थ चेक जिवंत झाला, पण रांग वाढतच राहिली. त्यासाठीच्या डिफॉल्ट एक्झिक्युटरमध्ये (थ्रेडच्या साठ्यात) थ्रेड किती? कोरची संख्या अधिक ४, कमाल ३२. आमचे कोर ४, म्हणजे थ्रेड ८. तीन सेकंदांच्या कॉलला ८ थ्रेड म्हणजे प्रोसेसमागे सेकंदाला २.७ विनंत्या, येत होत्या ३.७५. शिवाय डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता काढण्याचा) शोधही याच एक्झिक्युटरमधून जातो, त्यामुळे पेमेंटशी संबंध नसलेले बाहेरचे कॉलसुद्धा रेंगाळले.

म्हणून 'रिक्वेस्ट्स'च्या जागी एचटीटीपीएक्स लायब्ररीचा, लूप न अडवणारा ॲसिंक क्लायंट आणला. थ्रेडचा प्रश्न मिटला, आणि आता साध्या यादीची पानंही लटकू लागली. लॉगमध्ये एकही एरर नाही, कारण असिंकपीजीच्या (पोस्टग्रेसशी बोलणारी लायब्ररी) पूलमधून कनेक्शन मागताना टाइमआउट दिला नाही तर तो मुकाट्याने थांबून राहतो. उत्तर पोस्टग्रेसच्या 'पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी'त, म्हणजे चालू कनेक्शनच्या यादीत होतं: ४० कनेक्शन, जवळजवळ सगळी 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे व्यवहार उघडून नुसती बसलेली. विनंती हाताळणारा कोड, म्हणजे हँडलर, सुरुवातीलाच कनेक्शन घेऊन ट्रान्झॅक्शन उघडत होता आणि ते हातात धरून ३ सेकंद बाहेरच्याची वाट बघत होता. सेकंदाला ३.७५ गुणिले ३, म्हणजे ११ पेक्षा जास्त कनेक्शन हवीत. पूल १० चा. ही टंचाई आधीपासून असणार. लूपच अडकलेला होता, तेव्हा पूलकडे बघतो कोण.

पूल मोठा करणं सोपं होतं, पण पोस्टग्रेसची मर्यादा मुळात १०० कनेक्शनची आणि सर्व्हरवर आम्ही एकटे नव्हतो. त्यामुळे हँडलर फोडला: वाचा, कनेक्शन सोडा, बाहेर विचारा, पुन्हा कनेक्शन घेऊन लिहा. याची किंमत आहे. एका ट्रान्झॅक्शनची दोन झाली, मधल्या काळात नोंद दुसऱ्या कुणी बदलू शकतं. म्हणून अपडेटला अट घातली की स्थिती अजून 'प्रलंबित' असेल तरच लिही, आणि शून्य ओळी बदलल्या तर नोंद पुन्हा वाच. बाहेरच्या कॉलला एकूण ४ सेकंदांची मुदत. इथे नुसता रीड टाइमआउट पुरत नाही, कारण तो दर तुकड्यागणिक नव्याने मोजला जातो आणि थेंबथेंब उत्तर देणारी सेवा त्याला सहज चकवते. प्रोसेसमागे २० चा सेमाफोर (एका वेळी इतकेच कॉल, असा अडसर), आणि तो भरला की ताबडतोब ५०३, म्हणजे 'सेवा सध्या उपलब्ध नाही'.

हा २० अजून खुपतो. ११ च्या दुपटीला थोडा कमी, एवढाच त्याचा आधार. सेवा ६ सेकंदांवर गेली तर त्यातले सगळे ४ सेकंद थांबून रिकाम्या हाताने परततील.

डिबगचा उंबरठा २० मिलिसेकंदांवर आणला, तर लॉगमध्ये नवीन नाव आलं: मोठ्या यादीचं जेसन (उत्तर पाठवण्याचा मजकुरी साचा) बनवणं. ते थ्रेडमध्ये ढकलूनही फारसं काही साधत नाही, जीआयएल, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला पायथन कोड चालवू देणारं कुलूप, तिथे आडवं येतंच. सध्या यादी छोट्या पानांत विभागतोय.