सात हिट पॉइंटांचा पाताळयंत्री

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर चालणाऱ्या, गोष्टीतली पात्रं वठवायच्या खेळात माझा पहिला विझर्ड, म्हणजे जादूगार, पाऊण तास जगला. दारावरच्या शिपायावर त्याने ‘फ्रेंड्स’ ही कॅन्ट्रिप, म्हणजे छोटा स्पेल किंवा मंत्र, टाकली, गोडगोड बोलून आत शिरला आणि तिथेच उभा राहून तळघराची चौकशी करत बसला. त्या स्पेलचं शेवटचं वाक्य मी वाचलंच नव्हतं. एक मिनिट झालं की अंमल उतरतो, आपल्यावर जादू झाली होती हे समोरच्याला कळतं आणि तो उलटतो. शिपाई उलटला. तीन डेथ सेव्ह, म्हणजे जीव वाचवायचे फासे, हुकले, विषय संपला.

हा खेळ आम्ही अजून पाचव्या आवृत्तीच्या, २०१४ च्या नियमांनीच खेळतो. २०२४ ची सुधारित पुस्तकं आली, पण ताईने जुन्या पुस्तकांना कव्हरं घातली आहेत, त्यामुळे त्यावर चर्चा नाही. ताई म्हणजे माझी मावसबहीण, आमची डीएम, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारी. वहिनी बार्ड (गाणारी, बोलण्यात पटाईत) खेळते, तिचा भाऊ बार्बेरियन (दांडगा लढवय्या), आणि शेजारचा कॉलेजातला मुलगा ‘रोग’ (चोर). दर रविवारी चार तास, मध्ये एकदा चहा.

नवं कॅरेक्टर करायला बसलो तेव्हा डोक्यात एकच शब्द होता: पाताळयंत्री. ग्रंथांत आयुष्य गेलेला, तोंडावर विद्वत्ता, पोटात भलतंच. तीन पानं पूर्वकथा लिहिली. तो पार्टीला, म्हणजे आमच्या चौघांच्या टोळीला, वापरून घेणार, शेवटी सगळ्यांना विकणार, आणि तोवर कोणाला पत्ताही नसणार. ताईला पाठवली. तिचा फोन आला.

“छान लिहिलंयस. एवढंच सांग, बाकीचे तिघं याला पहिल्याच धर्मशाळेत सोडून पुढे का जाणार नाहीत?”

“अगं ताई, त्यांना कळणारच नाही ना.”

“कॅरेक्टरांना नाही कळणार. वहिनीला कळेल ना? रविवार खर्चून स्वतःचा केसाने गळा कापून घ्यायला कोण येतं?”

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण ती थांबेना. म्हणाली, नाना फडणवीस घे. साडेतीन शहाण्यांतला अर्धा. अर्धा का, तर डोकं होतं, तलवार नव्हती. तुझा विझर्ड तोच. आणि १७७४ चं बारभाईंचं कारस्थान त्याने एकट्याने केलं का? सखारामबापू होते, हरिपंत फडके होते. नावातच बारा भाऊ आहेत, आणि तू निघालायस एकटा.

तीन पानं फाडली नाहीत, पण मागे ठेवली.

शीटवर, म्हणजे कॅरेक्टरच्या कागदावर, आकडे भरायला लागलो तेव्हा दुसरा धक्का बसला. ठरलेले सहा आकडे असतात: १५, १४, १३, १२, १०, ८. विझर्डला १५ बुद्धीला द्यायचे, १४ चपळाईला, १३ शरीराला, नाहीतर तो वाऱ्यानेही मरतो. जंगली नोम ही बुटक्यांची जमात घेतली, म्हणून बुद्धी दोनाने वाढून १७ झाली. आणि हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा? सहा अधिक एक. सात. ताकदीला उरले आठ, आणि करिष्म्याला दहा, म्हणजे बोनस शून्य.

गंमत इथेच आहे. थाप मारणं, म्हणजे डिसेप्शन, हे कौशल्य बुद्धीवर चालत नाही, करिष्म्यावर चालतं. विझर्डला ज्या सहा कौशल्यांतून दोन निवडता येतात त्यांत ते नाहीच. माझा कारस्थानी पंडित कागदोपत्री साधी थापही मारू शकत नव्हता! पार्श्वभूमी, म्हणजे कॅरेक्टरचा आधीचा पेशा, बदलून ते घेता येतं, नियमात बसतं. भोंदूची पार्श्वभूमी घेतली तर बनावट कागद करायचं साहित्यही मिळतं. एक संध्याकाळ त्यात घालवली. मग जाणवलं की असा माणूस विद्वान वाटतच नाही, नुसता बनेल वाटतो.

म्हणून उलट दिशेने निघालो. हा खोटं बोलणार नाही. त्याला माहीत असेल, एवढंच. कोणावर कोणाचं कर्ज आहे, कुठला ग्रंथ कोणी लपवला. बोलायला वहिनीची बार्ड आहे.

सेज, म्हणजे विद्वान, ही पार्श्वभूमी घेतली आणि तिच्या सामानाची यादी वाचताना खुर्चीतच सरळ झालो. काळ्या शाईची बाटली, लेखणी, छोटा चाकू, आणि एका मृत सहकाऱ्याचं पत्र, ज्यातल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला अजून सापडलेलं नाही. प्रश्न काय, ते पुस्तक सांगत नाही, आपण ठरवायचं. लहानपणापासून ऐकलेलं ‘ध चा मा’ आठवलं. आनंदीबाईंनी ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं आणि नारायणराव पेशव्यांचा जीव गेला, ही आख्यायिका. मी पत्रात लिहिलं: “आपण दोघांनी एकाच पोथीवरून नकला केल्या. तुझ्या प्रतीत एक अक्षर वेगळं आहे. चूक की मुद्दाम?” मुद्दाम केलं होतं की नाही, हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ताईलासुद्धा.

नावाचं काम सोपं झालं. नोमांत आई, बाप, कुळातले वडीलधारे, आत्या, काका सगळे एकेक नाव ठेवतात. आपल्याकडे आत्याने ठेवलेलं एक आणि हाक मारायचं दुसरं, तशातलाच प्रकार. मी ऑर्बिन ठेवलं. बार्बेरियनने शीट बघितली, ताकदीचे आठ बघितले आणि म्हणाला, “हा तर बोरूबहाद्दर.” तेव्हापासून त्याला बोरूच म्हणतात. ऑर्बिन नाव कोणाच्या लक्षातही नसेल.

स्पेलबुकात पहिल्या लेव्हलला सहा स्पेल. स्लीप आणि मेज आर्मर जिवासाठी. भुरळ घालणारा चार्म पर्सन घेतलाच नाही, कारण त्यातही अंमल उतरल्यावर समोरच्याला सगळं कळतं, आणि तो धडा मी एका मृत्यूच्या किमतीत शिकलो होतो. जादूचा सोबती प्राणी देणारा फाइंड फॅमिलियर घेतला. घुबड हवं होतं, शंभर फुटांपर्यंत त्याच्या डोळ्यांनी बघता येतं. परक्या भाषा समजायला कॉम्प्रिहेंड लँग्वेजेस घेतला. आणि इल्युझरी स्क्रिप्ट, ज्याला आमच्या टेबलवर तोवर कोणी हात लावला नव्हता. एकच कागद. तुम्ही ठरवाल त्यांना खरा मजकूर दिसतो, बाकीच्यांना दुसऱ्याच हस्ताक्षरात भलताच. दहा दिवस टिकतो.

अडचण पैशांची. घुबडासाठी दहा सोन्याच्या नाण्यांचा कोळसा, धूप आणि औषधी जाळायची, त्या शाईलाही दहा नाणी. सेजच्या बटव्यात असतात दहाच. घुबड घेतलं. शाई पुढे रोगने कुठूनतरी आणली, मी विचारलं नाही.

दुसऱ्या लेव्हलला विद्याशाखा निवडायची. सगळ्यांना वाटलं मी मायाजाल किंवा मोहिनी घेणार. मी भविष्यवेध घेतला, तो पोर्टेंटसाठी. रात्रीची झोप झाली की वीस बाजूंचे दोन फासे टाकून आकडे लिहून ठेवायचे. दिवसभरात डोळ्यांसमोरच्या कोणाच्याही रोलच्या जागी, तो टाकायच्या आधी, त्यातला एक आकडा द्यायचा. ज्याला वाईट आकडा पडला तर आनंद होतो असा दुसरा विझर्ड मला माहीत नाही.

गेल्या रविवारी १७ आणि ३ पडले.

किल्ल्याकडे जाणारा नाका होता. आमच्याकडे किल्ल्याचा नकाशा आणि टिपणं, इतरांच्या डोळ्यांना मात्र धान्याचा परवाना. वहिनी पुढे झाली. मी मागच्या गाडीतून मेसेज कॅन्ट्रिपने तिच्या कानात कुजबुजत होतो: कोठाराच्या मालकाचं नाव घे, नाकेदाराच्या थकलेल्या पगाराचा विषय काढ. ती असं बोलली की ताईलाही हसू आवरेना. तरी नाकेदाराला संशय आला आणि ताईने फासा उचलला.

“ताई, टाकू नकोस. त्याला माझा तीन.”

“तुला तो दिसतोय का?”

दिसत नव्हता. साडेतीन फुटांचा माणूस, पुढे पोती. बार्बेरियनने न विचारता बोरूला उचलून खांद्यावर बसवला, तेव्हा कुठे तीन लागू झाला. नाकेदाराने मान डोलावली, गाडी सोडली.

परवाना मात्र त्याने परत दिला नाही. फायलीला लावून ठेवला.

“ते अक्षर किती दिवस टिकतं म्हणालास?” ताईने विचारलं.

“दहा.”

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि वहिनीला म्हणाली, चहा टाक.