पट्टी नसलेली फाइल

ती केस यादीत मुद्दाम शेवटी ठेवली होती. फाइलवर लाल पट्टी, म्हणजे पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे कुजबुजत बोलत होते. पेशंट टेबलावर जागा होता, त्याला ऐकू येत होतं. मला त्या कुजबुजण्याचाच जास्त राग आला.

बावीस वर्षं मी स्क्रब नर्स आहे, ऑपरेशनच्या वेळी सर्जनला हत्यारं देणारी. त्या दिवशी सगळं अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. प्रत्येकाने दोन-दोन हातमोजे घातले, आतला हिरवा, वरचा फिकट. वरच्याला भोक पडलं की ओल आत शिरते आणि तिथला हिरवा रंग गडद उठून दिसतो. तोंडावर शील्ड. ब्लेड हातातून हातात नाही. मी ती ट्रेमध्ये ठेवून 'ब्लेड' म्हणायचं, मग सरांनी उचलायची. आतले थर शिवायला बोथट टोकाच्या सुया. सव्वा तासात हर्निया उरकला. खरं तर हा माणूस कित्येक वर्षं नियमित औषधं घेत होता, रक्तात व्हायरस मोजण्याइतकाही सापडत नव्हता.

मला सुई टोचली ती तीन दिवसांनी. अपेंडिक्स, तातडीची केस. पट्टी नाही म्हणून ट्रेही नाही, आणि घाईत मी एकच मोजा चढवलेला. ही चूक माझीच. शेवटचा टाका झाल्यावर निडल होल्डर, म्हणजे सुई धरायचा चिमटा, परत आला तो सुईचं टोक माझ्याकडे करून. डाव्या तर्जनीत नुसती चुणचुण झाली. मग मोज्याच्या आत लाल ठिपका पसरत गेला.

अशा वेळी बोट पिळावं, वर स्पिरिट ओतावं, असं वाटतंच. ते करायचं नसतं. साबण, वाहतं पाणी, बस. पण मी आधी सुया आणि स्वॅब मोजून दिले, मगच हात धुवायला गेले! तिथेच माझ्या जागी दुसरीला उभं करायला हवं होतं.

एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ३०० मध्ये १. टाक्याची सुई भरीव, मोज्यातून जाताना थोडं रक्त पुसलंही जातं, म्हणून धोका आणखी कमी. हेपटायटिस बी त्याहून कितीतरी सहज लागतो, पण माझी लस झालेली होती. हे सगळं मी नव्या मुलींना शिकवते. त्या दिवशी डोक्यात फक्त तो १ होता.

पेशंटची तपासणी त्याच्या संमतीशिवाय करायची नाही, आणि तो भुलेत. एचआयव्हीची लागण रोखणाऱ्या गोळीला सुई टोचल्यापासून ७२ तासांची मुदत असली तरी जितकी लवकर तितकी बरी, म्हणून तो शुद्धीवर यायची वाट न बघता मी पहिली गोळी घेतली. संध्याकाळी त्याने होकार दिला. रिपोर्ट निगेटिव्ह. मी हुश्श केलं, तेवढ्यात डॉक्टर त्याच्याशी बोलून आले आणि म्हणाले, "सिस्टर, गोळ्या सोडू नका." नुकतीच झालेली लागण तपासणीत दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. तो काय बोलला ते मी विचारलं नाही.

२८ दिवस गोळ्या. झोपेची पार वाट लागली. नवऱ्याला सांगायला दोन दिवस लागले, तो म्हणाला, "मग मी वेगळं झोपू का?" आणि लगेच स्वतःच ओशाळला. सहा आठवड्यांची तपासणी निगेटिव्ह आली, तीन महिन्यांचीही.

परवा पित्ताशयाची केस होती, फाइल कोरी. मी मधे ट्रे ठेवला. सरांनी विचारलं, "पॉझिटिव्ह आहे का?"

"माहीत नाही, सर," म्हटलं, आणि ब्लेड ट्रेमध्ये ठेवली.