पँटोप घेऊन तपासणीला येऊ नका

पोटात जळजळतंय म्हटलं की इंदूरकर थेट सराफ्यातल्या खाऊगल्लीकडे बोट दाखवतात. गराडूवर, म्हणजे तळलेल्या कंदावर, लिंबू पिळून खाल्लं, भोगा आता! मग औषधाच्या दुकानातून पँटोप, ही आम्ल कमी करणारी गोळी, रोज सकाळी अनशापोटी एक, आणि हे महिनोन्महिने. डॉक्टर आठवतात ते जेवण जाईनासं झाल्यावर.

पोटात दुर्बीण घालून बघतात (एंडोस्कोपी), त्या खोलीत मी टेक्निशियन आहे. रामबागेतल्या एक काकू परवा आल्या. त्यांच्या जठराच्या खालच्या भागात सूज होती आणि पुढे ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला, अल्सर. डॉक्टरांनी चिमट्याने तिळाएवढा तुकडा काढून दिला, तो मी सुईच्या टोकाने किटमधल्या पिवळ्या जेलमध्ये दाबला. जेलमध्ये युरिया असतो. अशी सूज आणि अल्सर करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू युरिएज नावाचं एन्झाइम बनवतो, त्याने युरियाचा अमोनिया होतो आणि पिवळा रंग गुलाबी पडतो. जठराच्या आम्लात हा प्राणी तग धरतो तोही याच अमोनियाच्या आडोशाने. म्हणजे त्याचं कवचच त्याची चुगली करतं.

काकूंचं जेल पिवळंच राहिलं. मी विचारलं, ‘‘गोळी कधी बंद केलीत?’’

‘‘बंद? अहो, आज पहाटेच घेतली, घोटभर पाण्याबरोबर. तपासणीला त्रास नको म्हणून.’’

इथेच घोळ होतो. पँटोप, ओमेप्रॅझॉल, राबेप्रॅझॉल यांच्यामुळे जंतू मरत नाहीत, पण कमी होतात, दबतात, आणि तपासणी खोटं ‘निगेटिव्ह’ सांगते. म्हणून या गोळ्या दोन आठवडे आधी थांबवतात. अँटिबायोटिक किंवा बिस्मथ हे पोटाचं औषध घेतलं असेल तर चार आठवडे मध्ये जावे लागतात. मात्र काळी शौच झाली असेल, अल्सरमधून रक्त गेलं असेल, तर स्वतःच्या मनाने गोळी सोडायची नाही. अशा वेळी डॉक्टर निरनिराळ्या जागांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पाठवतात, आणि ‘निगेटिव्ह’ आलं तरी पुढे पुन्हा तपासतात.

मुळात हा जंतू चिवट आणि संथ. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन तो वाढवायला बघत होते, तर दोन दिवसांत काहीच उगवायचं नाही आणि प्लेटा फेकल्या जायच्या. ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा इनक्युबेटरमध्येच राहिल्या आणि वाढ दिसली. तरी लोक मानेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शलनी जंतूंचं पाणी स्वतःच पिऊन जठराची सूज ओढवून घेतली. दोघांना नोबेल मिळालं २००५ मध्ये.

दुर्बीण नको असेल तर श्वासाची किंवा शौचाची तपासणी चांगली. गोळ्यांचं पथ्य त्यांनाही तेच. रक्तातल्या अँटिबॉडीचा रिपोर्ट घेऊन येणारे पुष्कळ, पण जंतू गेल्यावरही त्या रक्तात बराच काळ दिसतात, त्यामुळे आजची गोष्ट त्यावरून कळत नाही. आणि हो, गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी घेत असाल तर तेही सांगा. अल्सर त्यानेही होतो, आणि हे कुणी आपणहून सांगत नाही.

काकूंना डॉक्टरांनी गोळ्या थांबवून श्वासाची तपासणी लिहून दिली. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘तोवर पोह्यांवर शेव चालेल ना?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘सोसवत असेल तर घ्या थोडी.’’ सोबतच्या सूनबाईंचा चेहरा मात्र पडला.